फडक्याखालची बरणी

"वरच्या फळीवरची बरणी कुठाय?" फिदेन्सियानं विचारलं.

भाची मार्सेलीना झेंडूच्या माळा ओवत बसली होती. तिनं मानही वर केली नाही. "फडक्याखालची ना? कॉफीची, कडेला टवका उडालेली? ती बाराला विकली की."

"कुणाला?"

"एर्मिलाकाकूंच्या तेओदुलोला. बापाच्या वेदीवर ठेवायला हवी म्हणाला. बाकीच्या सगळ्या संपल्या होत्या, मावशी. तू गिरणीवरून येतेस कधी, न् मी थांबवू किती!"

दळलेल्या मक्याची बादली तिच्या हातून दारातच पडली.

गावात जुन्या बरण्यांत मेण ओतणारी ती एकटीच. वर्षभर घराघरांतून कॉफीच्या नि मिरच्यांच्या रिकाम्या बरण्या गोळा करायच्या, चर्चमधलं जळून उरलेलं मेण आणायचं, वितळवायचं, वात सोडून ओतायचं. मृतांच्या दिवशी एक बरणी शिल्लक राहत नसे. ज्या घरचं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घरी सगळ्यांनी मेणबत्ती न्यायची अशी रीत. ती घरच्या कर्त्यानं स्वतः पेटवायची आणि विझेपर्यंत तिच्यासमोरून उठायचं नाही. त्या उजेडावर मेलेलं माणूस घरची वाट शोधत येतं म्हणतात.

"झालं काय पण?" मार्सेलीना आता उठून उभी राहिली.

"क्रिसोफोरोच्या फटाक्यांच्या शेडमधली बरणी ती. तळाला दारू आहे. ज्योत खाली पोचली की संपलं."

"अगं बाई! आणि न धुता मेण ओतलंस? तू? तू तर एकेक बरणी तीन-तीनदा उकळतेस!"

"म्हातारी झाले," फिदेन्सिया म्हणाली आणि शाल ओढून घेतली. "माझ्या मागे येऊ नकोस. माझ्या रोसाउराच्या पोरांना घेऊन स्मशानात जा, ठरलंय तसं. आईचं थडगं नीट सजवू दे त्यांना. अंधार पडल्याशिवाय परतू नका."

"तुझ्या जावयानं, एवारिस्तोनं, दोनदा निरोप धाडलाय. बायकोची पहिली वेदी, आणि सासूचाच पत्ता नाही म्हणतो."

"जाईन. आधी हे."

ती धावत सुटली. साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण धावली. बरणी बाराला गेली होती आणि आता दोनची घंटा झाली होती. मेण तिनं दोनच बोटं ओतलं होतं. दोन बोटं मेण किती वेळ पुरतं हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक असणार? चौकातल्या बायका हसल्या. "काय गं फिदेन्सिया, मेलेल्यांच्या आधी पोचायचंय की काय?" तिनं ऐकूनही घेतलं नाही.

एर्मिलाच्या घरात माणसांची ही गर्दी! वेदीवर पांढरी साटीन, पाव, नवऱ्याचा फोटो, आणि खाली तीसेक मेणबत्त्या, सगळ्या जळत्या. समोर तेओदुलो मांडी घालून बसला होता. त्याची तिन्ही पोरं त्याच्या गुडघ्यांना टेकून. धाकटी तर ओल्या मेणात बोट बुडवत होती.

सगळ्या बरण्या फिदेन्सियानंच ओतलेल्या, आणि त्या उजेडात सगळ्या सारख्याच. ती गुडघ्यांवर बसली. एकेकीच्या कडेवरून बोट फिरवू लागली. बोटं भाजली. ही नाही. ही नाही. धाकटीच्या अगदी हाताशी जी होती, तिचा टवका बोटाला लागला. ज्योतीखाली नखाएवढं मेण उरलं होतं.

तिनं फुंकर मारली.

मग एर्मिला किंचाळली, "फिदेन्सिया! माझ्या माणसाची वाट विझवतेस? डोकं फिरलं का तुझं?"

"तळाला दारू आहे गं," फिदेन्सिया कशीबशी म्हणाली. "फटाक्यांची. चुकून इथं आली."

तेओदुलोनं पोरांना असं मागे ओढलं की दोघं रडायलाच लागली. एर्मिला तिच्यासमोर येऊन बसली. मग तिनं फिदेन्सियाचे भाजलेले हात धरले आणि त्यांचे मुके घेतले. "देवानंच धाडलं गं तुला."

"माझ्यापायी ही लेकरं गेली असती," फिदेन्सिया म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. खरंच रडली.

"द्या इकडे, ओढ्यात बुडवून येतो," तेओदुलो म्हणाला.

"नको. माझी चूक, मीच निस्तरते."

एर्मिला तिला दारापर्यंत पोचवायला आली. "आता लेकीकडे जा. वाट बघत असेल बिचारी. मका वाळवताना गच्चीवरून पाय घसरला म्हणतात, नाही? चांगली चपळ पोर होती. आणि तो एवारिस्तो..." तिनं जीभ चावली. "जाऊ दे. आजच्या दिवशी कुणाचं वाईट बोलू नये."

"तिकडेच निघालेय," फिदेन्सिया म्हणाली.

एवारिस्तो वेदीसमोर एकटाच बसला होता. पाहुणे जेवून केव्हाच गेले होते. नवा सदरा, केस चापून बसवलेले. सासूला बघून तो उठलाही नाही.

"आलात एकदाच्या? लोक नावं ठेवायला लागलेत. रिकाम्या हातानं आलात वाटतं?"

"नाही," ती म्हणाली आणि शालीखालून बरणी काढली.

"ही तर जळून संपत आलीय!"

"तुमच्यासाठीच वेगळी ओतून ठेवली होती, जावईबापू. मधेच चुकून दुसऱ्यांच्या घरी गेली." तिनं टवका उडालेली ती बरणी लेकीच्या फोटोपुढे ठेवली, काडेपेटी त्याच्या हातात दिली, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.