आसराबाईची साक्ष

आसराबाईनं ‘न्हाई’ म्हणायचं पक्कं करून ठेवलं होतं. आष्टीहून जालन्यापर्यंत जीपमध्ये ती कोणाशी बोलली नाही. कोर्टातल्या त्या गार खोलीत खुर्चीवर बसवलं तेव्हाही नाही. जीव सुन्न पडला होता तिचा. अशा माणसाला एक शब्द बोलायला काय लागतं?

समोर भिंतीवर भलामोठा टीव्ही होता. त्यात पोर्तुगालचं कोर्ट दिसत होतं. तिकडं सकाळ, इकडं दुपार टळत आलेली. मधोमध चष्मा लावलेल्या न्यायाधीश बाई बसल्या होत्या.

प्रकरण सगळ्या परतूर तालुक्याला पाठ होतं. दुष्काळात सरकारनं चारा छावण्यांसाठी पैसा दिला आणि छावण्यांचा ठेकेदार, म्हणजे आसराबाईचाच अंगद, तो घेऊन पसार झाला. छावणीत जनावरं कागदावर, चाराही कागदावर. खरी जनावरं दावणीला मेली, त्यात त्याच्या आईची म्हैससुद्धा. आता तो पोर्तुगालात सापडला होता आणि मी अंगद नव्हेच म्हणत होता. तो म्हणे धर्मराज, आणि पासपोर्टही त्याच नावाचा.

आर्थिक गुन्हे शाखेचा इन्स्पेक्टर स्वानंद दोन वर्षं याच एका माणसाला भारतात परत आणायच्या मागं होता. दिल्लीमार्गे पत्रं जायची आणि परत यायची. कधी शिक्का राहिला, कधी तर्जुमा चुकला. ठसे घ्या, फोटो घ्या, सगळ्यावर तिकडच्या वकिलानं शंका काढली. मग त्या न्यायाधीश बाईंनीच विचारलं, याची आई आहे ना, मग तिला का विचारत नाही? झालं! दोन सरकारांची एवढी मेहनत येऊन टेकली आष्टीच्या एका म्हातारीच्या जिभेवर. ती आज न्हाई म्हणाली की अंगद तिकडं मोकळा, आणि कायमचा धर्मराज.

अंगदनं सुनेच्या फोनवर तेवढंच सांगितलं होतं. “माय, मी हितं दुसऱ्या नावानं राहून राह्यलो. तू फक्त वळखत न्हाई म्हण. मंग बराबर सुटतो मी.”

तिकडं मराठीचा दुभाषी मिळाला नव्हता, म्हणून जालन्याच्या वकील अंतराताईंना शपथ देऊन आसराबाईशेजारी बसवलं होतं. बाई बोलतील तेवढं इंग्रजीत सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं त्यांना बजावलं होतं.

टीव्हीचे दोन भाग झाले आणि उजवीकडं अंगद आला.

जेलात वाळून काटकी झाला असेल, असं आसराबाईला वाटलं होतं. कसचं काय! रंग उजळला होता, गाल भरले होते, अंगात निळा कोट. सोयरिकीला निघाल्यासारखा उभा होता. हरामखोर देखणा दिसत होता.

न्यायाधीश बाईंनी विचारलं. अंतराताईंनी ते मराठीत केलं. “मावशी, हा समोरचा माणूस कोण आहे? तुम्ही ओळखता का याला?”

“न्हाई,” आसराबाई म्हणाली. “मी न्हाई वळखत ह्याला.”

आवाज जरासुद्धा हलला नाही. अंतराताईंनी तो एक शब्द पलीकडं पोचवला. स्वानंदनं डोळे मिटून घेतले. अंगदचा वकील हातातले कागद गोळा करायला लागला, आणि न्यायाधीश बाईंनी साक्षीदाराचे आभार मानले.

आसराबाई उठली. घरी जायचं म्हणूनच उठली. पण टीव्ही दाराच्या वाटेवरच होता आणि अंगद अजून त्यात होता. ती त्याच्यासमोर थांबली. तिचे दोन्ही हात वर झाले, त्या भरल्या गालांवरून खाली फिरले, मग तिच्या स्वतःच्या कानशिलांवर आले आणि दहाही बोटं कडाकडा मोडली. लेकराला दिष्ट लागू नये म्हणून आया करतात, तसं. तिला स्वतःला ते कळलंही नसावं.

पण तिकडं पोर्तुगालात उभ्या असलेल्या त्या धर्मराजनं मान खाली घालून डोकं पुढं केलं होतं. आईचे हात पोचावेत म्हणून लहानपणापासून करायचा, तसंच. भानावर येऊन तो ताठ झाला, पण उशीर झाला होता.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि साक्षीदारानं आता हातांनी काय केलं, ते दुभाष्यानं सांगावं असं म्हणाल्या.

मावशींचं डोकं दुखतंय, असं सांगून टाकावं, हेही अंतराताईंच्या मनात येऊन गेलं. कोणाला कळणार होतं? पण शपथ घेतली होती. आमच्याकडं बाया आपल्या लेकरावरून असे हात फिरवतात, एवढंच त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

न्यायाधीश बाई बराच वेळ अंगदकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि टीव्ही बंद झाला. स्वानंदला आनंद व्हायला हवा होता. तो खाली बघत फाईल बांधत राहिला.

आसराबाई काळ्या पडद्यापुढं तशीच उभी होती. आपण काय करून बसलो ते तिला आता कळलं होतं, पण रडू येत नव्हतं. अंतराताईंनी जवळ येऊन तिचा दंड धरला, तेव्हा तिनं हळूच विचारलं,

“ताई, काचेतून निघती का वो दिष्ट?”