यंदाचं माप

"फ्लूची लस गेल्या वर्षी घेतली की! परत कशाला?" पतंगे टेलर मशीनवरून उठेनात.

आत दोन महिन्यांची नात होती. लेक म्हणाली, "अण्णा, एवढ्या तान्ह्या बाळाला ही लस देत नाहीत. म्हणून तुम्ही घ्यायची. त्याशिवाय ती मांडीवर मिळणार नाही."

मुलाचा गणवेश शिवायला टाकायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या, "मग आमच्या पोराचाही गेल्या वर्षीच्याच मापाने शिवा."

"वाढतं पोर, बाई! कसं बसेल?"

"फ्लूचा विषाणूही बदलत असतो. कुठले प्रकार पसरतायत ते जगभरातून तपासून दरवर्षी नवी लस बेततात."

माप घेतल्याशिवाय कात्री न उचलणारा माणूस मशीनवरून उठून चप्पल शोधू लागला.

लस लागू पडायला पंधरा दिवस लागतात. तेवढे दिवस टेलरांनी नात दारातूनच पाहिली. सोळाव्या दिवशी ती मांडीवर आली आणि तिथेच झोपली.

तेवढ्यात विहीणबाई हात पुढे करत आल्या. "द्या की जरा इकडे!"

"यंदाची लस घेतलीत?"

"नाही हो."

टेलर खुशीत मागे सरकले. "मग पंधरा दिवस ही माझीच."