शंकासुराचा एक गुण

"एका गुणाचा प्रश्न आहे, मॅडम," असं म्हणत शंकासुर न विचारता समोरच्या खुर्चीत बसला, तिथंच मॅडमचं डोकं फिरलं.

शंकासुर हे नाव त्यांनीच त्याला ठेवलेलं. संख्याशास्त्राच्या प्रत्येक तासाला याचा हात वर. एकदा भर वर्गात फळ्यावरची चूक दाखवून त्यानं त्यांचं हसं केलं होतं. त्या दिवसापासून दोघांचा छत्तीसचा आकडा. परीक्षेत मॅडमनी त्याला कसाबसा पास होण्यापुरत्या चाळीसवर ढकलला होता, तोही पुन्हा त्याचं तोंड बघायला नको म्हणून. नापास झालेले पुढच्या सत्रात परत त्यांच्याच वर्गात येऊन बसत.

त्यानं गुणपत्रक टेबलावर ठेवलं. पुढच्या पदवीच्या प्रवेशाला साडेसातचा जीपीए लागत होता. त्याचा ७.१३ होता.

मॅडमना मनापासून आनंद झाला. त्यांनी पेन उघडलं आणि लहान पोराला शिकवावं तसं शिकवायला घेतलं. श्रेणीगुण नुसते मिळवून पाच विषयांनी भागले तर ७.४ येतात, पण तसं करायचं नसतं. प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्याच्या क्रेडिटनं गुणायचे, मग बेरीज. ती आली एकशे चौदा. एकूण क्रेडिट सोळा. भागून बघ.

हे आपल्याला येतं, असं तो शांतपणे म्हणाला.

"येतं ना? मग माझा विषय चार क्रेडिटचा, आणि त्यात तुला चार श्रेणीगुण. बाकी सगळीकडे आठ-नऊ. तुला बुडवलंय ते याच विषयानं. साडेसात ओलांडायला इथं सहा हवेत, आणि सहा पंचावन्न गुणांना मिळतात. एका गुणानं काय होणार? इथंच तुझं गणित कच्चं."

मॅडमना आणखी चेव आला. नापास झालेला निदान पुन्हा परीक्षा देतो, त्याची जुनी श्रेणी जाऊन नवी लागते. पास झालेल्याला ती सोय नाही, ही श्रेणी तुला जन्माची चिकटली, हेही त्यांनी सुनावलं. वीस वर्षांत आपण बेरजेबाहेर एक गुण कुणाला दिलेला नाही, आणि तुला तर मुळीच देणार नाही.

"हे लिहून द्याल?"

मॅडमनी तिथल्या तिथं लिहून दिलं आणि झोकात सही ठोकली.

त्यानं कागद नीट वाचून खिशात ठेवला. मग पिशवीतून आपल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि गुणदुरुस्तीचा अर्ज काढून त्यांच्यापुढे सरकवला.

"तीनदा मोजलं, मॅडम. बेरीज एकोणचाळीसच येते. तो एक काढून घ्या. पुढच्या सत्रात तुमच्याच तासाला बसतो."