सोडा ते पट्टी

जादूगार बकारामवरच्या बालपुस्तकाचं नवेगाव बांधच्या शाळेत प्रकाशन झालं. मुखपृष्ठावर छापलं होतं, 'डोळे बांधून वाचणारा, जन्मभर शिकत राहिलेला माणूस!' तीस वर्षं पडद्याआडून लोकांच्या चिठ्ठ्या वाचून त्याच्या कानात कुजबुजणाऱ्या त्याच्या बायकोनं, रुख्मानं, ते पुस्तक दोनदा चाळलं. तिचं नाव कुठंच नव्हतं.

एका मुलीनं हट्टच धरला, "आजोबा, पहिलं पान वाचून दाखवा ना!"

बकारामनं ऐटीत डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तो मंचावरच्या पडद्याला पाठ लावून उभा राहिला; पडद्यामागं रुख्मा पुस्तक घेऊन होतीच. मागून आवाज येईना.

"सांगून काऊन नाही राहिली वं?" तो दात खाऊन पुटपुटला.

रुख्मा पडद्याबाहेर आली. "तुमाले वाचाले शिकवाले बसली तवा तुमी पाटी फेकून मारली मले," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आता सोडा ते पट्टी, अन् वाचा."