जुना पत्ता

कारखाना बंद पडल्यापासून बाबांनी चाळीस ठिकाणी अर्ज धाडले, पण एकाचंही उत्तर आलं नाही. आज मी एक अर्ज वाचला आणि कपाळावर हातच मारला! ईमेलचा पत्ता काय, तर ‘चिऊचेबाबा’! चिऊ म्हणजे अर्थातच मी. तिसरीत असताना, शाळेच्या सूचना याव्यात म्हणून, मीच हौसेने तो काढून दिला होता. “बाबा, बावीस वर्षं फिटर असलेला माणूस असा पत्ता देतो का?” “माझ्याकडे हाच आहे,” ते चष्मा पुसत म्हणाले. मग मी नवा बनवला: त्यांचं नाव, आडनाव, पुढे ‘फिटर’. एकदम झकास! बाबा एका बोटाने चाळीसही अर्ज पुन्हा पाठवत बसले आणि शेवटी दमून खुर्चीत रेलले. “आता जुना बंदच करून टाकते,” मी ऐटीत म्हणाले. “राहू दे गं. तेवढी एकच नोकरी उरलीय माझी.”