उलटली तं नाई

होडीने पलीकडच्या काठाला नाक टेकवलं आणि ती वळली. वडाळीच्या तलावाच्या अलीकडच्या काठावर बसलेले लोक एकदम उठून उभे राहिले. किसनराव तेवढे जागचे हलले नाहीत. होडीचं सुकाणू त्यांच्या मुलीच्या, शकुनच्या हातात होतं. शिडाची दोरी जावयाच्या, सूर्यभानच्या.

अट किसनरावांचीच होती. सकाळी मळ्यातून निघतानाच त्यांनी ती सांगितली होती. "पलीकडच्या काठाले शिवून वापस या. होडी उलटली, तं नाई. नाई उलटली, तं जा."

जायचं होतं मुंबईहून कराचीला, किनारा धरून, याच होडीने. होडी तिथे ठेवून पुढे सायकलींवर, बलुचिस्तान ओलांडून इराणात. सूर्यभान शाळेत भूगोल शिकवी. त्याच्या वर्गातल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नकाशात निळा रंग नद्यांच्या रेघांपुरताच होता. होडी दोघांनी राजापेठेतल्या एका सुताराला हाताशी धरून बांधली. शिडाचं जाड कापड अकोल्याहून आणलं, शकुनने ते शिवलं. पुढे आणि मागे रॉकेलचे रिकामे डबे, तोंडं झाळून हवाबंद केलेले, बसवले.

मागच्या वर्षी दोघं कोणाला न विचारता सायकलींवर कन्याकुमारीला जाऊन आली होती. ती परतेपर्यंत किसनराव अंगणात झोपले, दार वाजलं तर आपल्याला आधी ऐकू यावं म्हणून. हे कळल्यावर शकुनने बापाला शब्द दिला. यापुढे तुमच्या होकाराशिवाय पाऊल उचलणार नाही. सासरचे हो म्हणाले होते. दिवाळीनंतरचा वारा चांगला होता. आता अडलं होतं ते एवढ्या तलावापाशी.

परतताना वारा समोरून होता. समोरच्या वाऱ्यात होडी सरळ येत नाही. ती तिरकी डावीकडे गेली, मग तिरकी उजवीकडे. लोकांना वाटलं भरकटली. शेजारच्या मळ्याचे खुशालराव म्हणाले, "जावई मास्तर आहे. पोहणं फळ्यावर शिकला असन." हशा पिकला. पण प्रत्येक वळणाला होडी जरा जवळ आलेली दिसे. हे लक्षात आलं तसा हशा ओसरला आणि पुढचं वळण कुठे पडणार यावर पैजा लागल्या. शकुनची आई, माणिकबाई, तलावाकडे पाठ करून उभ्या होत्या. त्याही वळल्या.

काठ हाकेच्या अंतरावर आला तेव्हा वाऱ्याचा मोठा झोत आला. होडी एका अंगावर कलली, सावरली आणि सुसाट निघाली. शकुनच्या तोंडावर पाणी उडत होतं आणि ती हसत होती. किसनराव उभे राहिले. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी कपाळ पुसलं. खुशालरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारून पेढे मागितले.

शकुनने ते होडीतून पाहिलं.

"मी उलटवून राहिली," ती सूर्यभानला म्हणाली.

"शकुन, आपण जिंकलो."

"म्हणूनच."

तिने दोरी त्याच्या हातून ओढून घेतली, शीड ताणलं आणि होडी कलू लागली त्याच बाजूला सगळा भार टाकला. शीड पाण्यावर आडवं पडलं. दोघं दिसेनाशी झाली.

किसनराव धोतरासकट कमरेइतक्या पाण्यात शिरले होते. तेवढ्यात होडीपलीकडे शकुनचं डोकं वर आलं, मग सूर्यभानचं. डब्यांतल्या हवेने होडी बुडू दिली नव्हती. तळाखालची उभी फळी आता आडवी बाहेर आली होती. शकुन तिच्यावर चढली आणि दोरी धरून मागे रेलली. आधी काहीच झालं नाही. मग शीड पाणी निथळत वर उठलं आणि होडी उभी राहिली. दोघं आत चढली. त्यांनी पाणी उपसलं आणि होडी किसनरावांपर्यंत आणली.

खुशालराव काठावरून हळहळत होते. हातातला होकार पोरीने पाण्यात घालवला होता.

किसनरावांनी विचारलं, "काहून उलटवली? मी हो म्हणूनच राहिलो होतो."

"समुद्रात उलटन, बाबा. तवा तुमी तिथं पाहाले नसान. म्हून आज पाहून घ्या. मंग सांगा, हो का नाई."

किसनराव होडीकडे वळले. मग त्यांनी तिच्या कडेवर दोन्ही हात टेकून जोराने दाबलं. होडी कलली, पुन्हा सरळ झाली. ते पाण्यातूनच पलीकडे फिरून आले, खाली वाकून फळी चाचपली, डब्यांवर बोटाने वाजवून पाहिलं. सूर्यभान काही सांगू लागला. शकुनने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

माणिकबाई काठावरून घरी चला म्हणत होत्या. किसनरावांनी रुमाल त्यांच्याकडे भिरकावला, कडेवर पाय टाकला आणि ते आत चढून बसले.

"चाल, मंधात घे," ते तलावाच्या मध्याकडे हात करून म्हणाले. "अजून एकदा उलटव."