देवाच्या नावावर

चातुर्मासात कुणाला लागेल असं बोलायचं नाही, हा माझा नेम. म्हणून शेजारच्या प्रमिलावहिनींना मी बोलले नाही, कथेत घातलं. दुसऱ्यांच्या जास्वंदी आकडीने ओरबाडून गणपतीला लक्ष फुलं वाहणारी बाई. झाडं लोकांची, पुण्य हिचं. आकडीसुद्धा वहिनींचीच दिली, हिरवी दोरी बांधलेली. वाचून निदान माझं झाड सोडतील, एवढीच आशा.

दिवाळी अंक आला आणि दुसऱ्याच सकाळी वहिनी परडी घेऊन दारात उभ्या.

"ओळखलं हो मी तुमच्या बाईला," त्या हळूच म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या साठेकाकू ना? मेलीला लाज नाही. देवाच्या नावावर चोऱ्या!"

"तुम्हाला तसं वाटलं?"

"वाटायचंय काय, हुबेहूब उतरवलीत. फक्त आकडी तेवढी माझ्यासारखी दिलीत हं तिला." मग त्यांनी परडीतल्या चार जास्वंदी माझ्या ओंजळीत ठेवल्या. "घ्या. तुमचं झाड आज अगदी रिकामं दिसलं. म्हटलं, देव बिनफुलांचा राहायला नको."

मी हसून फुलं घेतली. कार्तिकी एकादशीला माझा नेम सुटतो.